यंत्राचा हिशेब, आपला ताळा

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. त्यांना शिलाई यंत्र घ्यायचे होते. किंमत १२,००० रुपये. जवळ एवढे पैसे नव्हते. दुकानदार म्हणाला, "वर्षभर हप्त्याने द्या. व्याज वर्षाला शेकडा १२." त्याने मोबाइलवर हिशेब केला. महिन्याचा हप्ता सांगितला १,१२० रुपये.

घरी भाच्याने आपल्या मोबाइलवर तोच हिशेब केला. हप्ता आला १,०६६ रुपये.

बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, रक्कम तीच, मुदत तीच, व्याजही तेच. मग खोटं कोणतं यंत्र बोलतं?"

आम्ही दोन्ही हिशेब फळ्यावर मांडले. नवल असे की, गुणाकार-भागाकार दोन्हीकडे बरोबर होते. फरक होता तो रीतीत.

दुकानदाराची रीत पाहा. १२,००० वर शेकडा १२, म्हणजे वर्षाचे व्याज १,४४० रुपये. मुद्दल आणि व्याज मिळून १३,४४०. त्याचे बारा भाग केले, की हप्ता १,१२०. याला सपाट व्याज म्हणतात.

आता भाच्याची रीत पाहा. वर्षाला शेकडा १२, म्हणजे महिन्याला शेकडा १. पहिल्या महिन्याचे व्याज १२० रुपये. बाईंनी १,०६६ भरले. त्यातले १२० व्याजात गेले, ९४६ मुद्दलात गेले. बाकी राहिली ११,०५४. दुसऱ्या महिन्याचे व्याज एवढ्यावरच. बाकी घटते तसे व्याजही घटते. वर्षाचे व्याज होते सुमारे ७९४ रुपये. याला घटत्या बाकीवरचे व्याज म्हणतात.

म्हणजे सपाट व्याजात बाईंचे सुमारे ६४६ रुपये जास्त जाणार. फेडलेल्या पैशावरही व्याज चालूच राहते ना! घटत्या बाकीने मोजले, तर हेच सपाट १२ सुमारे साडेएकवीस टक्के पडते.

हिशेब करणारी अशी पाने मोबाइलवर पुष्कळ आहेत. त्यांना कॅल्क्युलेटर म्हणतात. ती माणसेच तयार करतात. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. करणारा जी रीत घालून देईल, तीच ते चालवते. उत्तर झटकन येते, पैशांसकट येते, म्हणून ते आपल्याला खरे वाटते.

मग चांगला कॅल्क्युलेटर करणारा काय करतो? व्याज सपाट की घटत्या बाकीवर, हे तो उघड लिहितो. दर महिन्याचा की वर्षाचा, हेही लिहितो. सावकार 'शेकडा दोन' म्हणतो ते महिन्याचे असते. वर्षाचे होतात चोवीस! अर्जाचा खर्च आणि विमा धरला आहे की नाही, हे तो सांगतो. रकाना रिकामा राहिला, तर त्याचे यंत्र भलते उत्तर देत नाही, थांबून विचारते. आणि लोकांपुढे ठेवण्याआधी हाताने केलेल्या हिशेबांशी तो ताळा करून पाहतो.

असा ताळा आपल्यालाही करता येतो. उत्तर आधीच ठाऊक असेल, असे गणित यंत्राला घाला.

पहिला ताळा: १२,००० रुपये, मुदत १२ महिने, व्याज शून्य. हप्ता बरोबर १,००० आला पाहिजे. कच्चे यंत्र इथेच अडखळते.

दुसरा ताळा: १२,००० रुपये, वर्षाला शेकडा १२, मुदत १ महिना. १२,१२० आले पाहिजेत. १३,४४० आले, तर यंत्राने वर्षाचा दर महिन्याचा धरला असे समजा.

तिसरा ताळा: तेच गणित, मुदत १२ महिने. हप्ता १,१२० आला तर व्याज सपाट. १,०६६ आला तर घटत्या बाकीवरचे.

आणखी एक गोष्ट. हिशेबाला रक्कम, दर आणि मुदत एवढेच लागते. आधार क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. तो मागितला, तर ते पान बंद करा.

बँकेकडून कर्ज घेताना कागद मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या घरगुती व लहान धंद्यांच्या नव्या कर्जांत सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लेखी द्यावा लागतो. तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत.

बाई दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या. म्हणाल्या, "शेठ, हे व्याज सपाट की घटत्या बाकीवर?" दुकानदार क्षणभर थांबला. म्हणाला, "सपाट."

बाईंनी बचत गटातून कर्ज काढले. महिना शेकडा १, घटत्या बाकीवर. आता दर महिन्याला उरलेली बाकी त्या स्वतःच्या हाताने वहीत लिहितात.

करून पाहा: ६,००० रुपये, वर्षाला शेकडा १२, मुदत १ महिना. किती परत द्यावे लागतील? आधी कागदावर करा. मग यंत्राला विचारा.