ऑफिसच्या सर्चमध्ये सहकाऱ्याचं नाव का सापडत नाही?

मोठ्या कंपनीत किंवा विद्यापीठात प्रत्येकाची नोंद एका डिरेक्टरीत असते. नाव, विभाग, ईमेल, एक्स्टेंशन नंबर वगैरे. सकाळी कॉम्प्युटरवर टाकलेला पासवर्डही अनेक ठिकाणी तिथेच तपासला जातो. या डिरेक्टरीशी बोलायची भाषा म्हणजे एलडॅप. ती 1990च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तयार झाली. विंडोज 2000सोबत आलेली मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीही तीच भाषा समजते.

मग थेट तिथेच का शोधू नये? कारण डिरेक्टरीला नेमकं नाव लागतं. 'चौधरी'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'आय'ऐवजी 'वाय' टाकला, की उत्तर शून्य. इलॅस्टिकसर्च किंवा सोलरसारखी सर्च इंजिनं, नीट सेट केली तर, एक-दोन अक्षरांची चूक पोटात घालतात. म्हणून डिरेक्टरीतला डेटा त्यांच्यात भरला जातो.

काम सोपं वाटतं: एक छोटा प्रोग्राम नोंदी वाचतो आणि सर्च इंजिनला देतो. गोची इथेच होते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये एका वेळी 1000च नोंदी देते. मर्यादा संपल्याची सूचनाही देते, पण प्रोग्रामने ती ऐकायला हवी! नाहीतर 5000 जणांच्या कंपनीत 4000 जण सर्चमधून गायब. पानापानाने नोंदी मागण्याची पद्धत 1999पासून उपलब्ध आहे, ती वापरली की प्रश्न सुटतो.

दुसरी अडचण बदल्यांची. नोंदीचा पूर्ण पत्ता, म्हणजे डीएन, अनेकदा विभागाच्या नावासह बनतो. त्यालाच ओळख मानलं, तर पुण्याहून नागपूरला गेलेली व्यक्ती सर्चमध्ये दोनदा दिसू शकते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी प्रत्येक नोंदीला न बदलणारा क्रमांक देते, तो वापरणं शहाणपणाचं. आणि 'कालपासून काय बदललं?' एवढंच रोज विचारलं, तर डिलीट झालेल्या नोंदी उत्तरात येतच नाहीत. राजीनामा दिलेला माणूस सर्चमध्ये तसाच राहतो. त्यासाठी अधूनमधून पूर्ण यादी पडताळावी लागते.

सर्वात गंभीर मुद्दा मात्र परवानग्यांचा. कोणी काय पाहायचं, याचे नियम डिरेक्टरीत असतात, पण डेटासोबत ते आपोआप सर्च इंजिनमध्ये जात नाहीत. डेटा भरणाऱ्या खात्याला सगळं दिसत असेल, तर घरचा पत्ता आणि खासगी मोबाइल नंबर शिकाऊ उमेदवारालाही दिसू शकतो. म्हणून या खात्याला नाव, विभाग, ईमेल, एक्स्टेंशन एवढंच वाचायची परवानगी देतात.