वेगाची वाटणी

शाळेत, महाविद्यालयात वा कचेरीत वाय-फायचा वेग मंदावला, की उपाय एकच सुचविला जातो : अधिक मोठी जोडणी घ्या, अधिक शक्तीचा राउटर आणा. खरेदीचा प्रस्ताव मंजूर होतो, पैसा खर्ची पडतो आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा ऐकू येते. वस्तुतः अडचण पुष्कळदा टाकीतल्या पाण्याची नसते; ती नळावरच्या रांगेची असते.

एका चॅनेलवरील सर्व यंत्रांना एकच अवकाश वाटून घ्यावा लागतो. दोघे एकदम बोलू लागले, तर बहुधा दोघांचेही बोलणे वाया जाते. हवाई विद्यापीठात नॉर्मन ॲब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ हे बिनतारी जाळे सुरू केले, तेव्हा ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा संदेश पाठवावा, असा नियम होता. अशा मोकळिकीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्केच कामी येतात, हे गणिताने दाखवून दिले. १९९७ च्या ‘८०२.११’ या मानकाने म्हणूनच शिस्त घातली : आधी ऐका, शांतता असेल तर थोडे थांबा, मग पाठवा, पोच आली नाही, तर पुन्हा पाठवा. ही शिस्त अपरिहार्य आहे; परंतु तीही वेळ खाते. खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात हाती पडत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या नियमाने प्रत्येकाला समान पाळ्या मिळतात. समान वेळ नव्हे. राउटरजवळचा संगणक सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने बोलतो आणि दूरच्या खोलीतील, क्षीण लहरींवर चालणारा १ मेगाबिटने, असे समजू. तेवढ्याच मजकुरासाठी दुसऱ्याला अकरापट वेळ लागतो. पाळी आलटून-पालटून मिळाल्यामुळे पहिल्याच्याही वाट्याला सेकंदाला १ मेगाबिटहून कमीच मजकूर येतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ मध्ये हा विपर्यास दाखवून दिला. शेवटच्या बाकावरील एकाची अडचण अशा रीतीने साऱ्या वर्गाची अडचण होते.

मग मंद यंत्राला बाहेर काढावे काय? पाळ्यांऐवजी वेळ समान वाटण्याची सोय आता अनेक राउटरांत असते. तीमुळे इतरांचे नुकसान टळते. पण दूर बसलेल्याच्या पदरी थोडेच पडते. २००९ च्या सुधारणेने एका पाळीत अनेक पॅकेटे एकत्र पाठविण्याची तरतूद अधिक विस्तारली. २०२१ च्या सुधारणेने एकच चॅनेल विभागून अनेकांना एकाच वेळी सेवा देणे शक्य केले. या सुधारणा मोलाच्या आहेत. तथापि त्यांचा पुरता लाभ नव्या यंत्रांनाच होतो. जुनी यंत्रे तर आपल्या संस्थांतून अजून चालतच राहणार.

खरा उपाय साधा आणि पुष्कळसा स्वस्त आहे. कोपऱ्यात एकच शक्तिशाली राउटर बसविण्यापेक्षा कमी शक्तीचे दोन-तीन ॲक्सेस पॉइंट माणसे बसतात तेथे बसवावेत आणि ते तारेने जोडावेत. जे संगणक जागचे हलत नाहीत, त्यांनाही तारच द्यावी, म्हणजे हवेतील गर्दी कमी होईल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या वाटेत न येता चालतात. शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांना ते वेगवेगळे नेमून द्यावेत. ज्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालतो, ती तिकडे न्यावीत. जेथे दाटी आहे, तेथे रुंद चॅनेलचा मोह टाळावा.

यासाठी खर्चापेक्षा पाहणीची गरज अधिक आहे. खरेदीपूर्वी कोणीतरी हातात फोन घेऊन शेवटच्या बाकापर्यंत चालत जावे आणि तेथे किती वेग मिळतो, हे टिपून ठेवावे. परीक्षेचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी किंवा पगारपत्रके पाठविणारा कारकून यांना खोक्यावरचा आकडा उपयोगाचा नाही. त्यांच्या जागेवर जो वेग मिळेल, तोच त्या संस्थेचा वेग समजला पाहिजे. दूरच्याला जवळ आणल्यानेच जवळच्याचाही वेग वाढतो, हा या शास्त्राचा हिशेब आहे. त्यात उपकाराची भाषा कोठेही नाही.