दोनशे तारे, एक ठिपका

युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया या अवकाश दुर्बिणीची जी यादी एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झाली, तीत सुमारे १६९ कोटी तारे आहेत. चांगल्यातल्या चांगल्या फोर-के पडद्यावर ठिपके असतात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जेमतेम ८३ लाख. सगळे तारे एकदम दाखवायचे म्हटले, तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला दोनशे तारे येतात. त्या ठिपक्याला रंग कोणता द्यायचा? सर्वांत तेजस्वी ताऱ्याचा दिला तर बाकीचे एकशे नव्याण्णव पुसले जातात. सरासरी काढली तर एकही तारा जसाच्या तसा उरत नाही. नुसती संख्या मोजून उजेड कमीजास्त केला तर ताऱ्यांचे रंगच हरवतात. तिन्ही चित्रे खरी आणि तिन्ही वेगळी. विदेच्या, म्हणजे डेटाच्या, चित्रणाला कला म्हणतात तेव्हा आकडे देखणे करून मांडण्याची हातोटी एवढाच अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. मला तो अपुरा वाटतो. विदा जितकी अवाढव्य, तितके गाळणे सक्तीचे. आणि काय गाळावे हे सांगणारे सूत्र त्या विदेच्या पोटात नसते. ते कुणीतरी ठरवावे लागते. या चित्रणातली कला त्या ठरवण्यात आहे.

यावर पहिला आक्षेप संगणकवाल्यांचा. यंत्रच जर कोट्यवधी नोंदींतून आकृतिबंध शोधत असेल, तर माणसाच्या डोळ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचे जुने उत्तर फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच देऊन ठेवले आहे. त्याने प्रत्येकी अकरा जोड्यांचे चार आकडेसंच रचले. चारही संचांची सरासरी, विचलन, सहसंबंध जवळजवळ सारखेच. आलेख काढला की एक सरळ चढणारा, एक कमानीसारखा वाकलेला, एकात एकच भरकटलेला बिंदू, आणि चौथ्यात एक सोडून बाकी सगळे बिंदू एका उभ्या रेषेवर. पण अकरा जोड्यांवरून बिग डेटाबद्दल बोलू नये असे कुणी म्हणेल, तर पुन्हा गायाकडेच जाऊ. त्याच विदेतल्या चाळीस लाखांहून अधिक ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख काढताना सुटे बिंदू न मांडता त्यांची दाटी रंगवली गेली. त्या आलेखात खाली डावीकडे श्वेत बटू ताऱ्यांचा पट्टा येतो. त्यांच्या थंडावण्याच्या वाटेला छेद देणारी एक अनपेक्षित दाटी तिथे उमटली. २०१९ मध्ये तिचा संबंध या ताऱ्यांचा गाभा गोठून स्फटिकरूप होण्याशी जोडला गेला. असे घडत असावे हे भाकीत १९६८चे. ते दिसायला अर्धे शतक लागले. यंत्राला जे शोधायला सांगावे ते ते चोख शोधते. काय शोधायचे हेच ठाऊक नसते, तेव्हा डोळा लागतो.

ओझोनची कथा तर याहून बोलकी आहे. मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅले केंद्रावरच्या नोंदींवरून ओझोन घटल्याचे जाहीर केले. नासाच्या निंबस-७ उपग्रहाने तीच घट वरून टिपलेली होती. मात्र फारच कमी भरलेल्या नोंदी संगणकाच्या नियमाने संशयास्पद म्हणून बाजूला निघाल्या होत्या आणि त्यांची शहानिशा चालू होती. ती पुरी झाल्यावर दक्षिण ध्रुवाभोवतीचा रंगीत नकाशा निघाला आणि मध्यभागी खळग्यासारखा डाग दिसला. वास्तविक तिथे छिद्र नाही. वातावरणातला ओझोन विरळ झालेला आहे, एवढेच. तरीही छिद्र हा शब्द त्या नकाशाला जो चिकटला तो कायमचा. १९८७ मध्ये माँट्रिऑलचा करार झाला, त्यामागे रसायनशास्त्र होते, मुत्सद्देगिरी होती, उद्योगांचे हिशेब होते. पण सामान्य माणसाच्या मनात धोका उभा केला तो त्या डागाने.

इथेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. डाग जर इतके करू शकतो, तर खोटा डागही तितकेच करील. शिवाय आपल्याला फसवायला खोटे बोलावेच लागते असे नाही. लोकसभेचा निकाल भारताच्या नकाशावर रंगवा. लडाख हा एक मतदारसंघ सुमारे १ लाख ७३ हजार चौरस किलोमीटरचा. मुंबईचे सहा मतदारसंघ मिळून ६०० चौरस किलोमीटरच्या आसपास. रंगाचा एकही थेंब चुकीचा न लावता या नकाशात एक जागा डोळ्यांत भरते आणि सहा जागा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. प्रत्येक जागेला सारखा चौकोन द्यावा तर न्याय होतो, पण देशाचा ओळखीचा आकार मोडतो आणि वाचकाला आपला जिल्हा सापडत नाही. दोन्हींत काहीतरी गमवावे लागतेच. म्हणून कला काढून टाका, कोरडे आकडे द्या, ही सूचना मला टिकाऊ वाटत नाही. कोरडा नकाशाही निवड करूनच बसलेला असतो, फक्त ती सांगत नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे जे वर्तुळाकार आलेख छापले, त्यांत याचे एक उत्तर सापडते. तिच्या पहिल्या आलेखात मृत्यूंचे प्रमाण केंद्रापासूनच्या अंतराने दाखवले होते. डोळा मात्र क्षेत्रफळ पाहतो. अंतर दुप्पट झाले की आकार चौपट वाटतो. चूक लक्षात आल्यावर तिने शुद्धिपत्र जोडले आणि पुढचे आलेख क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक गेले, हे तिचे म्हणणे दुरुस्तीनंतरही अबाधित राहिले. अतिशयोक्ती तिच्या बाजूची होती, तरी तिने ती काढली. मला या स्त्रीबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो या शुद्धिपत्रासाठी.

हीच शिस्त आता मोठ्या प्रमाणावर पाळावी लागते. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिलेले एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे चित्र आठ रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतून जुळवलेले होते. त्या नोंदी इतक्या अवजड की हार्ड डिस्का विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कांना तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावे लागले. चित्रातला नारिंगी रंग निवडलेला आहे, कारण १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरींना डोळ्यांना दिसणारा रंगच नसतो. अर्धवट नोंदींशी जुळणारी चित्रेही एकाहून अनेक निघू शकतात. म्हणून शास्त्रज्ञांनी चार गट केले आणि परस्परांशी न बोलता प्रत्येकाने आपापले चित्र तयार केले. चौघांच्याही चित्रांत कडे आले तेव्हाच ते कडे मानले गेले. कलेला पुरावा मागण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

या कसोटीवर सगळीच आकर्षक कामे उतरत नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नोव्हेंबर २०२२ पासून कलावंत रेफिक अनाडोल यांचे एक भव्य काम मांडले होते. त्या संग्रहालयाच्याच कलासंग्रहाची विदा यंत्राला शिकवून पडद्यावर रंगांच्या लाटा उसळवल्या होत्या. प्रेक्षक त्यापुढे खिळून राहत. पण एखादी लाट उजवीकडे का वळली, हे विचारून संग्रहातल्या कुठल्या वस्तूपर्यंत पोचता येत नाही. ती डावीकडे वळली असती तरी काही चुकले नसते. कलाकृती म्हणून ते असेल मोठे, विदेचे चित्रण म्हणून मी त्याला मानत नाही. उलट हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या २०१८च्या तापमानपट्ट्या पाहा. ना अक्ष, ना आकडे. दर वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल. गाळण्याची परिसीमाच ती. तरीही एकेका पट्टीमागचे वर्ष आणि तापमान कुणालाही ताडून पाहता येते, आणि रंग चुकला असेल तर तसे सांगता येते.

जे अजून कुणाला नीट साधलेले नाही, ते म्हणजे अनिश्चिततेचे चित्र. चक्रीवादळाच्या संभाव्य वाटेचा पुढे रुंद होत जाणारा शंकू कोकणकिनाऱ्याने जून २०२०च्या निसर्ग वादळापासून चांगलाच पाहिला आहे. वादळाचा मध्यबिंदू कुठून कुठवर जाऊ शकेल, हे तो शंकू सांगतो. पण आकार फुगत जातो, म्हणून बघणाऱ्याला वाटते की वादळच मोठे होत चालले आहे; आणि कडेबाहेरच्या गावाला वाटते की आपण सुटलो, जरी वारा आणि पाऊस त्या कडेच्या पलीकडे पोचणार असतो. शंकूऐवजी वादळाच्या अनेक संभाव्य वाटांच्या रेषा काढून अमेरिकेत प्रयोग झाले. त्यात फुगण्याचा गैरसमज कमी झाला. मात्र ज्याच्या गावावरून योगायोगाने एखादी रेषा गेली, तो शेजारच्या गावापेक्षा जास्त घाबरू लागला, दोन्ही गावांचा धोका सारखा असतानाही.