सूडपट समजून घेताना (भाग ७) : पुरावे खरे, आरोप खोटा

सूडपटात गुन्हेगार कोण हे बहुधा लवकरच कळतं. पुढचा सगळा वेळ हिशेब चुकता करण्यात जातो. क्लिंट ईस्टवूडच्या ‘मिस्टिक रिव्हर’मध्ये (२००३) हिशेब चुकता होतो, पण भलत्याच माणसाशी. (शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही, त्यांनी इथेच थांबून आधी चित्रपट पाहावा. शेवट वगळून त्याबद्दल बोलता येत नाही.)

डेनिस लेहेनच्या २००१ मधल्या कादंबरीवरची ही कथा बोस्टनच्या कामगारवस्तीत घडते. जिमी, शॉन आणि डेव्ह बालपणीचे सवंगडी. पोलीस असल्याची बतावणी करणारे दोघे डेव्हला गाडीत घालून नेतात. चार दिवस अत्याचार सोसून तो निसटतो. पंचवीस वर्षांनी जिमीच्या तरुण मुलीचा, केटीचा खून होतो. तपास शॉनकडे येतो, संशय डेव्हवर.

हा संशय कुणी कुभांड रचून उभा केलेला नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे. त्या रात्री डेव्हने केटीला बारमध्ये पाहिलं होतं. तो रक्ताळलेल्या हाताने घरी आला. जखमेचं कारण तो एकाला एक, दुसऱ्याला दुसरंच सांगतो. बायकोला, सेलेस्टला, तो म्हणतो की एका लुटारूशी झटापट झाली, कदाचित तो मेलाही असेल. पण रोज पेपर चाळूनही तिला तशी बातमी सापडत नाही. यातली एकेक गोष्ट खरी आहे. शेवटी भेदरलेली सेलेस्ट आपला संशय थेट जिमीच्या कानावर घालते. ईस्टवूडने त्या रात्रीचा प्रसंग आपल्यापासूनही लपवून ठेवलेला असतो. त्यामुळे तोवर आपणही डेव्हला जवळजवळ दोषी धरलेलं असतं.

मग नदीकाठचा प्रसंग. डेव्ह आधी खरं तेच सांगतो : एका मुलाचं शोषण करणाऱ्या माणसाला आपण मारलं. जिमीचा विश्वास बसत नाही. केटीला मारल्याचं कबूल कर, जीव वाचेल, असं तो म्हणतो. डेव्ह कबूल करतो. ते मात्र जिमीला लगेच पटतं, आणि दिलेला शब्द मोडून तो डेव्हला संपवतो. जिवाच्या भीतीने दिलेल्या कबुलीची किंमत काय, हे इतक्या थोड्या वेळात सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

इकडे शॉनला खरे मारेकरी सापडतात : दोन पोरं. त्यांतल्या एकाच्या बापाला जिमीनेच पूर्वी मारलेलं असतं आणि त्या घराला तो दरमहा ५०० डॉलर धाडत असतो. आता सेलेस्टलाही पाठवणार का, असं शॉन त्याला विचारतो.

केटीचा आणि त्या शोषकाचा खून एकाच रात्री घडणं हा योगायोग जरा ताणलेला आहे, हे मान्य. पण जिमीला चूक कळल्यावरही त्याची बायको त्याला धीर देते, त्याने केलं ते घरासाठीच केलं असं समजावते, तेव्हा ती तक्रार मागे पडते. जिमी साकारणारा शॉन पेन आणि डेव्ह साकारणारा टिम रॉबिन्स या दोघांनाही ऑस्कर मिळालं. सेलेस्ट साकारणाऱ्या मार्शा गे हार्डनला फक्त नामांकन मिळालं. माझ्या मते सर्वांत अवघड काम तिचंच होतं.

पुढच्या भागात ‘प्रिझनर्स’ (२०१३). तिथला बाप संशयिताला ठार न मारता कोंडून ठेवतो. जमलं तर तोवर पाहून ठेवा.