रेडिएटरमधले पाणी जाते कोठे?

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम जवळ आला की गट कार्यालयात ऊस नोंदी, तोडणी कार्यक्रम आणि टोळ्यांच्या उचली यांचीच बोलणी चालतात. पण त्यातच एक तक्रार नेहमी कानावर येते. "साहेब, गाडी रोज पाणी पितीय. खाली थेंब पडत नाही, कुठं ओल नाही. मग पाणी जातंय कुठं, तेच कळंना." आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात एखादी जुनी जीप किंवा मोटार आहे, आणि वाहतुकीला लावलेले जुने ट्रॅक्टर तर गावोगाव आहेत. अशा गाड्यांचे हे दुखणे तसे सर्वसामान्य आहे. परंतु त्याचे निदान चुकले तर खिशाला मोठी चाट बसते, आणि दुर्लक्ष केले तर इंजिनच जाते.

हा विषय शेतकी विभागाच्या माणसाने का लिहावा, असे कोणी विचारील. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे आपण दर वर्षी सांगतो. त्यापुढे त्याचे वजन घटते आणि साखर उतरते. इंजिन तापून ट्रॉली रस्त्यात उभी राहिली की नुकसान सभासदाचे होते आणि कारखान्याचेही. दुसरे असे की, पिकाच्या रोगाचे निदान आणि गाडीच्या दुखण्याचे निदान यांची रीत एकच आहे. उसाचे पान पिवळे दिसले म्हणून लगेच युरिया टाकणारा शेतकरी पुष्कळदा फसतो. तो केवडा असेल तर लोह कमी पडले आहे, रान चिबडले असेल तर मुळे गुदमरली आहेत, आणि बुडख्यात हुमणी असेल तर खताचा उपयोगच नाही. तसेच रेडिएटरचे पाणी कमी झाले म्हणून लगेच हेड उघडणे म्हणजे पान पाहून युरिया टाकणे होय.

पाणी हरवत नाही. ते कोणत्या तरी वाटेने जाते. वाटा तीनच: झाकणातून, बाहेरच्या गळतीतून किंवा इंजिनाच्या आत. स्वस्त तपासणी आधी आणि महागाची शेवटी, हा क्रम सोडू नये.

पाणी खरोखर कमी होते काय?

सर्वांत आधी याची खात्री करावी. पाणी तापले की फुगते. 10 लिटर पाणी 20 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापले तर सुमारे 340 मिलिलिटरने वाढते, म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा. ज्या जुन्या जीप-ट्रॅक्टरांना बाजूची बाटली नसते, त्यांच्यात हे वाढलेले पाणी वरच्या बारीक नळीतून खाली सांडते. आपण रोज सकाळी तोंडापर्यंत पाणी भरतो, गाडी ते रोज बाहेर टाकते, आणि आपण म्हणतो गाडी पाणी पिते! अशा रेडिएटरमध्ये पाणी तोंडापासून दोन बोटे खाली ठेवावे आणि चार दिवस पाहावे. पातळी तिथेच राहिली तर गाडीला काहीही झालेले नाही.

बाटली असलेल्या गाडीत रंगाने किंवा चिकटपट्टीने खूण करावी. पातळी नेहमी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून पाहावी. किती किलोमीटर चालली आणि किती पाणी घातले, याची वहीत नोंद ठेवावी. "लई पाणी लागतंय" असे सांगण्यापेक्षा "चारशे किलोमीटरला एक लिटर" असे सांगितले तर मिस्त्रीला निम्मे काम सोपे जाते. नुसती बाटली पाहू नये, रेडिएटरही पाहावा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असेही असू शकते. त्याचे कारण पुढे येते आहे.

झाकणाचे महत्त्व

रेडिएटरचे झाकण म्हणजे घरातल्या कुकरची शिट्टीच. उघड्या भांड्यातले पाणी 100 अंशांच्या आसपास उकळते. कुकरमध्ये दाब चढला की तेच पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. मोटारीच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो याच दाबाचा. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांचे झाकण याहून कमी दाबाचे असते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग बसली की दाब टिकत नाही. मग चढावर, भरलेल्या ट्रॉलीमागे पाणी लवकर उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. गाडी थांबेपर्यंत सगळे कोरडे. म्हणून खाली थेंब सापडत नाही.

झाकणाच्या मधोमध दुसरी एक छोटी झडप असते. इंजिन थंड होताना ती उघडते आणि बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. ती अडकली, किंवा बाटलीकडे जाणारी नळी चिरली, तर पाणी बाटलीतच राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. सकाळी रेडिएटरचा वरचा रबरी पाईप चपटा झालेला दिसला तर ही झडप अडकली असे समजावे. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे, म्हणून आधी तेच बदलून पाहावे. मात्र आकडा कंपनीने दिलेलाच असावा. जास्त दाबाचे झाकण बसवले तर जुना रेडिएटर आणि पाईप फुटतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. कुकरचा दाब उतरल्याशिवाय आपल्या घरातील भगिनी झाकण काढत नाहीत, पण गडी माणसे रेडिएटरला तीच शिस्त पाळत नाहीत. दाब सुटताच उकळते पाणी उसळून तोंडावर येते. फडके टाकून उघडले तरी हात भाजतो. तसेच तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

न दिसणारी गळती

झाकण चांगले असूनही पाणी कमी होत असेल तर बाहेरची गळती शोधावी. गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचतच नाही, वाटेतच वाळतो. पण तो आपली खूण मागे ठेवतो: पांढरी, हिरवट किंवा तांबूस खपली. ती शोधायला बॅटरी आणि लहान आरसा पुरतो. पाहण्याच्या जागा अशा:

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी तेथून पाझरते. भोकाभोवती खपली दिसली तर पंपाचे दिवस भरले. ते भोक बुजवू नये, कारण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

रबरी पाईप क्लिपच्या आत, न दिसणाऱ्या बाजूला चिरतात. दाबून पाहावे. पापडासारखे कडक किंवा भिजलेल्या भाकरीसारखे मऊ लागले तर बदलावे.

ब्लॉकच्या अंगावर पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात. साधे पाणी वापरून वापरून त्या आतून गंजतात आणि सुईच्या टोकाएवढे भोक पडते.

ज्या मोटारीला आत हीटर आहे तिच्या पायाखालचे जाजम ओले, काचेवर आतून चिकट धुके आणि गोडसर वास, अशी लक्षणे असतील तर हीटरची जाळी गळते. एसी लावल्यावर खाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे, त्याला घाबरू नये.

गळती तरीही सापडली नाही तर रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हातपंप चांगल्या गॅरेजमध्ये असतो. थंड इंजिनावर झाकणाच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहायचा. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळे कोरडे, तर पाणी आत जाते आहे.

आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या जुन्या डिझेल जीपचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तीन दिवसांत लिटरभर पाणी कमी व्हायचे. एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी "हेड गॅस्केट गेलं" म्हणून हेड उतरवले, प्लेन केले, नवे गॅस्केट टाकले. ऐन लागणीच्या दिवसांत बियाण्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. पाणी कमी होतच राहिले. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने हातपंप लावला आणि आरशाने पाहिले, तेव्हा मॅनिफोल्डमागच्या एका टोपीखाली हिरवट ओघळ दिसला. थेंब पडायचा तो तापलेल्या मॅनिफोल्डवर, आणि तिथेच वाळायचा. टोपीची किंमत हेडच्या खर्चापुढे नगण्य होती. हातपंपाची पंधरा मिनिटे आधी खर्ची घातली असती तर हेड उतरवायची पाळी आली नसती.

पाणी इंजिनाच्या आत जात असेल तर

हे दुखणे खरे जड. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असते. ते जळाले किंवा हेडला तडा गेला की पाणी सिलिंडरमध्ये जाते, नाहीतर ऑइलमध्ये. ट्रॅक्टरच्या पुष्कळ इंजिनांत लायनरला बाहेरून पाणी थेट लागते. तेथे लायनरच्या खालच्या रबरी रिंगा खराब झाल्या की पाणी चेंबरमध्ये उतरते. डिझेलच्या हादऱ्यांनी लायनरवर बाहेरून बारीक खड्डे पडून आरपार भोकेही पडतात. योग्य कुलंटमधली औषधे याला बराच आळा घालतात.

लक्षणे नीट ओळखावीत. सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ दिसली की लोक घाबरतात. पण एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल जळाले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते, आणि थंड हवेत ते वाफेसारखे दिसते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर चालू राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तरच संशय घ्यावा.

दुसरी खूण: थंड इंजिन झाकण काढून सुरू करावे. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस केल्यावर वाढतात, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. झाकण लावून सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी कोमट होण्यापूर्वीच वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच. काही गॅरेजमध्ये निळ्या रंगाचे द्रावण असते. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा-हिरवा झाला तर जळका वायू निश्चित.

तिसरी खूण ऑइलची. पट्टीवरचे ऑइल चहासारखे दुधाळ दिसले किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर पाणी मिसळले आहे. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली तर ती हिवाळ्यात थोडे-थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत दमटपणानेही येते. खात्रीसाठी गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी सुरू न करता चेंबरचा खालचा नट हळूच सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून असेल तर आधी तेच टपकेल. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवू नये, बेअरिंगे जातात.

सकाळी स्टार्टर मारताच इंजिन अडले तर जोर करू नये, ढकलूनही सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल किंवा प्लग काढून मगच इंजिन फिरवावे.

अलीकडच्या काही डिझेल गाड्यांत धूर थंड करणारा ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तर पाणी सायलेन्सरमार्गे जाते आणि गॅस्केटचाच भास होतो. हेड उतरवण्यापूर्वी तोही तपासून घ्यावा.

पाणी कसले घालावे?

ज्या विहिरी-बोअरच्या पाण्याने आपली राने क्षारपड झाली, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. घरच्या बंबात बसते तशी खपली मग ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसते, इंजिन तापते, झाकणातून पाणी जाते. शुद्ध केलेले पाणी आणि कंपनीने सांगितलेले कुलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावे आणि ठराविक मुदतीने बदलावे. गळती थांबवायला हळद टाकण्याची जुनी रीत आहे. रस्त्यात अडकल्यावर घर गाठण्यापुरती ती ठीक, पण हळद असो वा बाजारची पूड, भोकाबरोबर रेडिएटरच्या नळ्याही बुजतात.

आणि एक गोष्ट दारात जनावरे असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी आहे, मूत्रपिंडे निकामी करते. काढलेले कुलंट गोठ्यात, गटारात किंवा उघड्या बादलीत ठेवू नये. वासरू, कुत्रे किंवा लहान मूल ते पिऊ शकते. जनावराने प्यायल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे, आणि मुलाने प्यायले तर तडक दवाखाना गाठावा.

वाहतुकीला गाडी लावण्यापूर्वी, पावसाळा सरताच, झाकण, पाईप, पंप आणि ऑइलची पट्टी एवढे पाहून घ्यावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. पाणी कमी होत असल्यास आठ दिवसांची नोंद वहीत करून ती मिस्त्रीपुढे ठेवावी. "हेड उघडावं लागंल" असे तो म्हणाला, तर "दाब लावून पाहिलाय का?" एवढा एक प्रश्न प्रत्येक सभासदाने जरूर विचारावा.