गागाभट्टांचे पणजोबा

यात्रेकरूंची नावे आणि वंश नोंदणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या या आठवड्यात उघडायच्या होत्या. त्या आता पुढच्या वेळी. काशीतल्या रामघाटाच्या एका वाचकाचा प्रश्न मध्येच आला आणि तो मागे ठेवण्यासारखा नाही. काशीत घराण्याच्या कित्येक पिढ्या झाल्या, वडीलधारी माणसे 'आपण मूळचे पैठणचे' एवढेच सांगत आली, वहीत मात्र नाव लागत नाही. मग शोध थांबला का?

मुळीच नाही. पैठणहूनच काशीला आलेल्या एका घराण्याचा माग वह्यांशिवाय लागतो, आणि तो पाहण्यासारखा आहे.

हे घराणे गागाभट्टांचे. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट सर्वांना ठाऊक. पण ग्रंथांत ते विश्वेश्वरभट्ट या नावाने येतात. 'गागा' एवढ्याच नावावर अडून बसणाऱ्याच्या हाती थोडेच लागते. वडील दिनकरभट्ट. याला पुरावा हवा? दिनकरभट्टांचा 'दिनकरोद्द्योत' हा धर्मशास्त्रावरचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला आणि तो विश्वेश्वराने पुरा केला. बापाचे अर्धे राहिलेले काम मुलाच्या हातून तडीस गेल्याची ही साक्ष कुठल्याही वंशवृक्षापेक्षा बोलकी आहे. दिनकरांचे भाऊ कमलाकरभट्ट. त्यांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा. त्यात ते आपल्याला रामकृष्णभट्टांचा मुलगा म्हणवतात. रामकृष्णांचे वडील नारायणभट्ट, 'त्रिस्थलीसेतु'चे कर्ते. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट, आणि पैठण सोडले ते त्यांनी.

एवढी साखळी निव्वळ ग्रंथांच्या आरंभ-शेवटच्या ओळींतून जुळते. पण रामेश्वरभट्ट काशीला आले कसे, हे सांगितले त्यांच्याच नातवाने. नारायणभट्टांचे दुसरे पुत्र शंकरभट्ट यांनी 'गाधिवंशानुचरित' लिहिले. घराण्याचे गोत्र विश्वामित्र आणि विश्वामित्र गाधीचे पुत्र, म्हणून हे नाव. पैठण, कोल्हापूर, कृष्णदेवरायाचे विजयनगर, द्वारका, पुन्हा पैठण आणि अखेर काशी, असा आजोबांचा प्रवास त्यात येतो. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'तल्या लेखात हे चरित्र अभ्यासकांपुढे मांडले आणि काशीच्या दक्षिणी पंडितांचा इतिहास एकदम उजळला.

नातवाने लिहिलेले चरित्र म्हटल्यावर वडील-आजोबांची स्तुती असणारच. वादात सगळे हरले, राजे पाया पडले, असल्या ओळी सावधपणे वाचाव्यात. पण गावे, मुलांचे जन्म, मुक्काम या गोष्टी खोट्या सांगून कुणाचा मोठेपणा वाढत नाही. त्यांवर भर द्यावा.

आणि मग बेरीज-वजाबाकी करावी. नारायणभट्टांचा जन्म शके १४३५ चा, म्हणजे १५१३. राज्याभिषेक १६७४ चा. मधली वर्षे १६१. त्या वेळी गागाभट्ट साठ-पासष्टीचे धरले, तर त्यांचा जन्म १६१० च्या आसपास येतो आणि पणजोबा ते पणतू या तीन पायऱ्यांना सुमारे ९७ वर्षे मिळतात. पायरीला बत्तीस-तेहतीस. चुलते कमलाकरभट्ट १६१२ मध्ये ग्रंथ पुरा करतात, हेही त्यात नीट बसते. दोन पायऱ्यांतच ही ९७ वर्षे भरावी लागली असती, तर एखादे नाव गळल्याची शंका घ्यावी लागली असती. घरच्या वंशावळीवर प्रत्येकाने हा हिशेब करून पाहावाच.

रामघाटच्या वाचकांना आणखी एक वाट आहे: निर्णयपत्रे. काशीच्या विश्वेश्वर मंदिराच्या मुक्तिमंडपात पंडितांच्या सभा भरत आणि निर्णयाखाली संमतीच्या सह्या पडत. देवरुखे ब्राह्मणांविषयीच्या १६५७ च्या निर्णयपत्रावर ७७ संमती आहेत. अशा यादीत पूर्वजाचे नाव लागले, तर तो त्या वर्षी काशीत हयात होता हे पक्के होते. पुणतांबेकरासारखे आडनाव असेल, तर गावही हाती येते.

तेव्हा घरातली जुनी पोथी आधी शेवटच्या पानावर उघडावी. लिहिणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, शक आणि गाव बहुधा तिथेच मिळते. गोत्र, शाखा आणि कुलदैवतही लिहून काढावे. वह्या उघडताना उपाध्याय पहिल्यांदा हेच विचारतात.