आगगाडीच्या अनुरूपणाच्या मुक्त आज्ञावल्या : बोरघाटाच्या उदाहरणावरून विवेचन

घरगुती संगणकावर आगगाडी चालविण्याचा अनुभव देणाऱ्या आज्ञावलीकडे सामान्यतः करमणुकीचे साधन म्हणून पाहिले जाते. वस्तुतः अशी प्रत्येक आज्ञावली म्हणजे गाडीच्या गतीविषयीचे एक गणिती प्रतिपादन होय. चढावर गाडी का मंदावते, ओल्या रुळांवर चाके का घसरतात, उतारावर ब्रेक केव्हा अपुरे पडतात, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात समीकरणांच्या रूपाने साठविलेली असतात. ही समीकरणे वाचता येतात की नाही, यावर त्या प्रतिपादनाचे शास्त्रीय मूल्य अवलंबून राहते.

या क्षेत्राचा अलीकडचा इतिहास बोधप्रद आहे. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर ही आज्ञावली २००१ साली बाजारात आली. तिची दुसरी आवृत्ती २००३ व २००७ अशी दोनदा घोषित झाली आणि २००४ व २००९ साली दोन्ही वेळा सोडून देण्यात आली. मूळ आज्ञावलीचा उगमपाठ मालकाजवळच असल्यामुळे तिच्यासाठी मार्ग व गाड्या तयार करणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींचे श्रम निराधार होण्याची वेळ आली. त्यांत भारतीय मार्ग व एंजिने तयार करणारेही होते. तेव्हा काही प्रोग्रामरांनी त्याच फाइली वाचू शकणारी ‘ओपन रेल्स’ ही स्वतंत्र आज्ञावली रचली. तिची १.० ही आवृत्ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिचा उगमपाठ कोणासही पाहता, बदलता व वाटता येतो. मात्र बदललेली आवृत्ती वाटणाऱ्याने तिचा उगमपाठही खुला ठेवला पाहिजे, अशी तिच्या परवान्याची अट आहे. ‘ओपनबीव्हीई’ ही दुसरी मुक्त आज्ञावली २००८ च्या सुमारास सुरू झाली. तिच्या मूळ कर्त्याने काम थांबविल्यावर इतरांनी ते पुढे चालविले.

आता गणिताकडे वळू. गाडीच्या मार्गातील प्रतिरोध ओपन रेल्समध्ये डेव्हिसच्या सूत्राने मांडता येतो. या सूत्राची तीन पदे आहेत : पहिले वेगनिरपेक्ष, दुसरे वेगाच्या प्रमाणात व तिसरे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारे. रूळ व चाक यांमधील पकड कुर्टियुस व क्निफलर यांच्या सूत्राने काढता येते. ताशी किलोमीटरमधील वेगात ४४ मिळवून त्या बेरजेने ७.५ ला भागावे व भागाकारात ०.१६१ मिळवावे, म्हणजे कोरड्या रुळांवरील पकडीचा गुणांक मिळतो. हे स्थिरांक साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. अभ्यासकाला ते बदलून परिणाम पाहता येतो.

या गणिताची कसोटी घेण्यास १८६३ साली वाहतुकीस खुला झालेला बोरघाट उत्तम आहे. या घाटात ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र चढ आहे. असा चढ चढताना गुरुत्वाकर्षणामुळे गाडीच्या प्रत्येक टनामागे सुमारे २६५ न्यूटन बल मागे खेचते. एंजिनासह १,००० टनांची गाडी घेतल्यास हे बल २६५ किलोन्यूटन होते. इतर प्रतिरोध टनामागे २५ न्यूटन धरल्यास एकूण गरज २९० किलोन्यूटनांची. सर्व चाके चालती असलेले १२० टनांचे एंजिन ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असता उपरोक्त सूत्रानुसार गुणांक ०.२६ येतो आणि कोरड्या रुळांवर पकडीमुळे मिळू शकणारे कर्षण सुमारे ३०९ किलोन्यूटन भरते. म्हणजे गाडी जेमतेम चढेल. परंतु पावसाने पकड तीस टक्क्यांनी घटली, तर हेच कर्षण २१६ किलोन्यूटनांवर येते आणि चाके जागीच फिरू लागतात. कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी बँकर एंजिने का आवश्यक ठरतात, हे या साध्या हिशेबावरून स्पष्ट व्हावे. मागून रेटल्यामुळे डब्यांच्या जोडण्यांवरील ताणही कमी होतो.

उताराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. घाटातील मूळ मार्गाची चढण सुमारे ५५८ मीटर होती. इतक्या उंचीवरून १,००० टनांची गाडी खाली येताना सुमारे १,५०० किलोवॅट-तास ऊर्जा मुख्यतः ब्रेकांनाच शोषावी लागते. म्हणून निसटलेली गाडी अडविण्यासाठी घाटात चढत्या बाजूरुळांची योजना केलेली असते. ब्रेकच्या नळीतील दाबाचा बदल शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. हा विलंब अनुरूपणाने वगळला, तर विद्यार्थ्याच्या मनात धोक्याची चुकीची कल्पना रुजेल. असा दोष मुक्त आज्ञावलीत शोधता व दुरुस्त करता येतो. बंदिस्त आज्ञावलीत त्याची केवळ शंका घेता येते.

तथापि मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. आज्ञावली मुक्त असली तरी तिच्यात वापरले जाणारे मार्ग व गाड्या मुक्त असतातच असे नाही. कित्येकांच्या कर्त्यांनी फेरफारास मनाई केलेली असते. शिवाय समीकरण उघड असणे म्हणजे ते अचूक असणे नव्हे. स्थिरांक प्रत्यक्ष मोजणीतून आले नसतील, तर सुंदर दृश्यामागे चुकीचा हिशेब लपू शकतो.

हिशेब उघड असण्याचे महत्त्व केवळ संगणकापुरते नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पडलेला पाऊस मोजून उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यावरून पिकांची निवड ठरते. ज्यांची शेती त्या आकड्यांवर अवलंबून आहे, त्यांनाच ते तपासता येतात. रेल्वेच्या अनुरूपणाकडेही याच दृष्टीने पाहणे इष्ट होय. पदव्युत्तर अभ्यासक्रमात अशा आज्ञावलीचा उपयोग करावयाचा झाल्यास, विद्यार्थ्याने गाडी किती कुशलतेने चालविली यापेक्षा, पडद्यावर घाट चढणारी गाडी कोणत्या गृहीतांच्या बळावर चढली हे त्याला सांगता येते की नाही, याची परीक्षा घेणे अधिक फलदायी ठरेल.